सगळ्यांना दूध, आणि तुमच्या हाडांना?

"अहो, नुसता हात टेकला नि मनगट मोडलं!" शेजारच्या काकू प्लास्टरमधला हात सावरत सांगत होत्या. वय अवघं छप्पन्न. न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं, एवढंच. खरं दुखणं कितीतरी वर्षं हाडांत मुरत होतं.

मैत्रिणींनो, आपल्या अंगातली २०६ हाडं म्हणजे काही वाळकी लाकडं नव्हेत. ती जिवंत असतात. जुना भाग झिजतो, नवा भरून येतो. साधारण तिशीपर्यंत जमा जास्त, पुढे हळूहळू खर्च जास्त. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिली काही वर्षं ही झीज झपाट्यानं होते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडला, की मग डोळे उघडतात.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात ते कमी पडलं, की हाडांतून काढून घेतलं जातं. आणि आपल्या घरी काय चालतं? दूध मुलांना, दही ह्यांना, आपल्याला कपभर चहा! बाईला रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधातून त्याचा जेमतेम पाव वाटा मिळतो. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळतं. तेव्हा नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक हे आपल्याही पानात असू द्या. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, म्हणून हातापायांवर थोडं ऊनही घ्या.

"गुडघे दुखतात, म्हणून बसूनच असते," असं पुष्कळजणी म्हणतात. पण सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिचं पोषण होतं, आणि ते हालचालीनंच नीट होतं. सोसेल तेवढं चालत राहा. चालण्यानं हाडांवर भार पडतो, तोही त्यांना हवाच असतो.

न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवा, उजेड चांगला असू द्या. पाळी लवकर गेली असेल, बीजकोश काढले असतील किंवा किरकोळ पडण्यानं हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल विचारा. मनानं गोळ्या मात्र घेऊ नका.

काकूंचं प्लास्टर आता निघालंय. सकाळी दूध तापलं, की पहिला पेला त्या स्वतःसाठी भरतात. घरात कुणाला काही कमी पडलेलं नाही!