नळी गढूळ झाली, निदान झाले नाही

मागच्या लेखांकात आपण प्रथिनाची घडी पाहिली. नंदुरबार जिल्ह्यात हा विषय पुस्तकात राहत नाही. जिल्ह्याची सुमारे 70 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि भिल्ल, पावरा, मावची समाजांत हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या दोषातून होणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजाराचे जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून नवापूरपर्यंत ‘सोल्युबिलिटी टेस्ट’ हा शब्द लोकांच्या कानावरून गेलेला आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यावर तपासण्यांना वेग आला. पण ही टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झाले, हा समज घातक आहे.

या चाचणीत नेमके काय होते ते पाहा. नळीतल्या द्रावणात रक्ताचे काही थेंब टाकतात. त्यातले सॅपोनिन तांबड्या पेशींचे पटल फोडते, हिमोग्लोबिन बाहेर येते. सोडियम डायथायोनाइट त्याचा ऑक्सिजन काढून घेते. सिकलसेलमधले सदोष हिमोग्लोबिन ‘एस’ असेल तर ते विरघळलेले राहत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. म्हणजे उत्तर फक्त एवढेच, की ‘एस’ आहे. एका पालकाकडून जनुक आलेला निरोगी वाहक आणि दोघांकडून आलेला रुग्ण, दोघांच्याही नळ्या गढूळच. उलट सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे आजार असूनही नळी स्वच्छ दिसू शकते.

वाहक आणि रुग्ण वेगळे करायला प्रथिनाचा विद्युतभार कामी येतो. 1949 मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि इबर्ट वेल्स यांनी दाखवले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. पुढे व्हर्नन इन्ग्रॅमने प्रथिनाचे तुकडे करून कारण शोधले: बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एक ऋणभार गेला, म्हणून अल्कधर्मी माध्यमात ‘एस’ धनाग्राकडे जाताना मागे रेंगाळते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर वाहकाचे ‘ए’ (नेहमीचे हिमोग्लोबिन) आणि ‘एस’ असे दोन पट्टे दिसतात, रुग्णाचा मुख्य पट्टा ‘एस’चाच. इथेही सावध राहावे लागते. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया आला असेल तरी पट्टी तशीच दिसू शकते, म्हणून एचपीएलसी या यंत्रावरच्या चाचणीने प्रत्येक हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजणे आणि आईवडिलांची तपासणी करणे गरजेचे ठरते.

दोष प्रथिनात आहे, मग पेशीपटलाची चर्चा कशाला, असे कोणी विचारेल. याच सिंगरने 1972 मध्ये निकोलसनबरोबर पटलाचे आजचे प्रारूप मांडले: मेदरेणूंचा दुहेरी, प्रवाही थर आणि त्यात रुतलेली प्रथिने. तांबड्या पेशीत त्या थराच्या आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी असते. सुमारे 7-8 मायक्रॉनची पेशी तिच्या लवचिकतेमुळे अरुंद केशवाहिनीतून निघून जाते. ऑक्सिजन कमी झाला की ‘एस’चे लांब तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी होते, ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात. तरी काही पेशी वाकड्याच राहतात. 1976 मध्ये संशोधक लक्स आणि सहकाऱ्यांनी अशा पेशींतले हिमोग्लोबिन काढून टाकले, मेदही धुऊन काढले, तरी उरलेली जाळी विळ्याच्याच आकाराची राहिली. सैल पडलेल्या खाटेची वीण माणूस उठला तरी सरळ होत नाही, तसेच हे. शिवाय आतल्या थरातला फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदरेणू बाहेर येतो, पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटू लागतात आणि 120 दिवस जगणारी पेशी दोन-तीन आठवड्यांतच संपते. हाडे पिळवटून टाकणारी वेदना आणि वारंवारचा अशक्तपणा यांचा उगम इथे आहे. सॅपोनिनने पटल फोडूनच सुरू होणारी चाचणी हे सांगणार तरी कसे?

सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांत यंत्रे कुठून आणायची, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच स्वस्त पहिली चाचणी हवीच. ती टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. पण नमुना पुढे जायला हवा. दुसऱ्या चाचणीशिवाय निरोगी वाहकावर ‘आजारी’ असा शिक्का बसतो, लग्ने मोडतात, आणि खऱ्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरियासारखे औषध वेळेवर मिळत नाही. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हा हिशेब पक्क्या निदानाशिवाय मांडता येत नाही. घरात कुणाची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली असेल, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात एकच विचारा: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा अहवाल कधी मिळेल? तो हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.