आईचा रविवार

इंदूरच्या जुन्या वस्तीतून रविवारी सकाळी अकराच्या सुमारास चालत जावे. कोणाच्या घरी काय शिजते आहे हे विचारावे लागत नाही. पोहे-जिलेबी ही आमची नेहमीची न्याहारी. पण न्याहारी आणि जेवण यांची एकाच पानावर गाठ घालून देणारे दाल-बाफले हा रविवारचा मान. होळकरांच्या मागोमाग मराठी घराणी अठराव्या शतकात माळव्यात आली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. आमटीत गूळ घालण्याची आमची सवय मात्र काही विलीन झाली नाही.

आई १९६१ साली लग्न होऊन साताऱ्याहून येथे आली. बाफला तिने तोवर पाहिलाही नव्हता. तो आजीने शिकवला. बाहेरच्या पाहुण्यांचा बाटी आणि बाफला यांत नेहमी घोटाळा होतो, म्हणून सांगतो. बाटी सरळ निखाऱ्यावर जाते. बाफला आधी हळदीच्या उकळत्या पाण्यात पोहतो. जाडसर कणीक, तुपाचे मोहन, ओवा, मीठ. घट्ट मळून गोळे करायचे, पाण्यावर तरंगू लागले की उपसून फडक्यावर कोरडे होऊ द्यायचे आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. तडकले की फोडून तुपात बुडवायचे. किती तुपात, ते आमच्या डॉक्टरांच्या वाचनात येऊ नये म्हणून लिहीत नाही.

डाळ मात्र आईने स्वतःची केली. शेजारी ती तिखटजाळ होई. आईच्या डाळीत गूळ, आमसूल आणि साताऱ्याहून येणारा गोडा मसाला. हिला दाल म्हणावे की आमटी, यावर आमच्या घरी साठ वर्षे एकमत नाही. शेजारच्या भाभीजी वादात पडत नसत. लसणाच्या चटणीची वाटी घेऊन येत आणि तीच वाटी डाळीने भरून नेत.

आई सर्वांत शेवटी जेवायची. फुटलेला किंवा एका अंगाने करपलेला बाफला आमच्यापैकी कोणाच्या पानात कधी पडला नाही. तो कोठे जात असे हे सांगायला नको.

आता ती ८४ वर्षांची आहे. बोटांच्या सांध्यांनी संप केला; गोवऱ्या जाऊन गॅस तंदूर आला. गोळे वहिनी वळतात. आई खुर्चीवर बसून भाजलेला बाफला बोटाने वाजवून पाहते आणि आवाजावरून "अजून पाच मिनिटे" असे सांगते. ही विद्या अद्याप कोणालाच साधलेली नाही. गेल्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला, आता बाफले बाहेरून मागवू. "मग जेवायला तरी इथे कशाला येता रे?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

पुतण्याने तिची डाळ लिहून घ्यायचे मनावर घेतले आहे. मूठभर गूळ म्हणजे किती? तिच्या मुठीतला गूळ त्याने तीन रविवार काट्यावर तोलला. तिन्ही वेळा वजन निराळे, चव तीच. वहीत तिन्ही आकडे आहेत.

हल्ली पहिले पान आईचे मांडतो. आधी ती मुळीच ऐकेना. मुले उपाशी असताना आपण कसे जेवायचे? गेल्या रविवारी बसली. वहिनींनी बाफला फोडून वर तूप सोडले, डाळ वाढली. घरची सगळी मंडळी तिच्या तोंडाकडे पाहत उभी. तिने एक घास घेतला, अंमळ थांबली.

"बरी झालीय. गूळ जरा कमी पडला."