अक्षर, सही आणि स्वभाव

रोटरीसारख्या सेवासंस्थेच्या साप्ताहिक सभेत, मागील कार्यवृत्ताचे वाचन व वर्गणीचा तगादा आटोपल्यावर, पाहुण्या वक्त्याने हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा विषय काढला, की पेंगुळलेले सभासदही खिशातील लेखण्या चाचपू लागतात. या विद्येची वंशावळ जुनी आहे: बोलोन्याच्या कामिल्लो बाल्दी या प्राध्यापकाने १६२२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि एकोणिसाव्या शतकात मिशाँ या फ्रेंच धर्मोपदेशकाने तिला ‘ग्राफॉलॉजी’ हे नाव दिले.

अक्षरांचा मी निस्सीम षोकी असूनही सांगतो, की दस्तऐवजावरील सही कोणाची हे ताडून पाहणारी, १८७२ च्या (२०२४ पर्यंत लागू असलेल्या) पुराव्याच्या कायद्याने ग्राह्य धरलेली तज्ज्ञता निराळी, आणि वेलांटीवरून मत्सर हुडकण्याचा दावा निराळा. हा दुसरा दावा शास्त्रीय कसोट्यांना उतरलेला नाही; तरी तो पटतो, कारण मोघम वर्णन कोणालाही आपलेच वाटते. फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना, प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून, एकच स्वभाववर्णन वाटले, तेव्हा त्यांनी त्याच्या अचूकतेस पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले! (आधी शिरोरेघ ओढून, बोरू होता होईतो न उचलता एकाच वळणाने मोडी लिहिणाऱ्या पेशवे दफ्तरातील कारकुनांचे स्वभाव, अक्षरावरून ठरवू गेल्यास, एकाच साच्याचे ठरतील.)

तेव्हा असे व्याख्यान आवर्जून ऐकावे. मात्र त्याच्या भरवशावर कोणास नोकरी नाकारू नये, की जुळलेली सोयरीक मोडू नये.