ऑटो स्विचच्या डब्यात अक्कल भरायची कशी?

लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, हे युसूफ वडगावच्या (ता. केज) शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. ज्या फीडरला रात्रीची पाळी आहे, तिथे अंधारात, साप-विंचवाच्या धाकात विहिरीवर जाणार कोण? म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावायचा आणि घरी पडायचे. त्यात शेतकऱ्याचे फार चुकते असे आम्हाला वाटत नाही. पण चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या वीसेक मोटारींनी एकाच क्षणी असा हिसका दिला की फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळतो. मग दुसरा डीपी येईपर्यंत उभे पीक माना टाकते. ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असे महावितरण सांगत आले आहे ते यासाठीच.

खरे तर मोटारींनी पाळी धरली तर भागते. लाइट आल्यावर एकीने दोन मिनिटे थांबावे, दुसरीने चार, तिसरीने सहा. थांबून सुरू होणारी तयार पॅनेल बाजारात मिळतात, नाही असे नाही. पण आतले कार्ड बिघडले की ‘कार्डच बदला’ हे एकच उत्तर मिळते. त्या कार्डावरच्या काळ्या किड्याला, म्हणजे चिपला, थांबायला सांगितले कुणी आणि कोणत्या भाषेत, हे आपल्या पोरांना कळायला हवे. त्या भाषेला असेंब्ली म्हणतात. ती शिकायला मोठा कॉम्प्युटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

अंबाजोगाईला किंवा बीडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेल्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा, तो ‘८०८५ चा किट’ म्हणेल. इंटेल कंपनीने १९७६ साली आणलेली ही चिप. किट म्हणजे एका पाटीवर मांडलेला अख्खा संगणक : चिप, थोडी मेमरी, कॅल्क्युलेटरसारखी बटणे आणि लाल आकड्यांचे सहा घरांचे डिस्प्ले. पडदा नाही, माऊस नाही. याच चिपवर रमेश गावकर यांचे इंग्रजी पुस्तक १९८४ साली निघाले. ते अमेरिकेत सिराक्यूजच्या ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवत. भारतातल्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या त्या पुस्तकावर पोसल्या.

किटवरचे आकडे सोळाच्या हिशोबात असतात. याला घाबरायचे कारण नाही, आपल्या आजोबांना सोळा आण्यांचा रुपया तोंडपाठ होता. नऊच्या पुढे ए म्हणजे दहा, असे करत एफ म्हणजे पंधरा, आणि सोळा झाले की एक रुपया शून्य आणे, म्हणजे १०.

पहिला प्रोग्रॅम पाच आणि तीनच्या बेरजेचा. वहीत आधी लिहून काढावा, मग बटणे दाबावीत. ३ई ०५, म्हणजे ‘ए’ नावाच्या खणात पाच ठेव. ०६ ०३, ‘बी’ खणात तीन ठेव. ८०, बी मधले ए मध्ये मिळव. ३२ ५० २०, आलेले उत्तर २०५० नंबरच्या घरात ठेव. ७६, थांब. झाला प्रोग्रॅम, अवघे नऊ बाइट. घराचा नंबर उलटा भरायचा असतो, आधी ५० आणि मग २०. नवी पोरे हमखास इथेच अडकतात. तुमच्या किटची मोकळी मेमरी कोणत्या नंबरापासून आहे तेही त्याच्या पुस्तिकेत बघून घ्यावे. प्रोग्रॅम चालवून २०५० उघडले की ०८ दिसतो. मध्येच लाइट गेली तर भरलेले सगळे पुसले जाते, म्हणून वही महत्त्वाची.

आता थांबण्याचे. चिपला घड्याळ कळत नाही, तिला फक्त ठोके कळतात, सेकंदाला सुमारे ३० लाख. तिला कामाला लावून वेळ काढायचा. ‘सी’ खणात २५५ ठेव, एक कमी कर, शून्य झाले नसेल तर परत कमी कर. एका फेरीला १४ ठोके लागतात. २५५ फेऱ्या म्हणजे सेकंदाचा जेमतेम हजारावा हिस्सा. एवढ्याने काय होणार? म्हणून खळ्यावर बैल फिरतात तसा फेरा, त्याच्या बाहेर दुसरा फेरा, त्याच्या बाहेर तिसरा. तिन्ही २५५ चे ठेवले तर ७७ सेकंदांच्या आसपास जातात. स्टार्टरचे थांबणे ते हेच!

किट शिकण्यापुरता. शेतातल्या डब्यात ८०५१ घराण्यातली एटी८९एस५२ सारखी चिप बरी, कारण लाइट गेली तरी तिच्यातला प्रोग्रॅम राहतो. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की तिची ‘एक कमी कर आणि परत फिर’ ही एकच आज्ञा दोन मायक्रोसेकंदांत होते, हिशोब सोपा. पोराकडे २०१२ पासून मिळणारे रास्पबेरी पाय असेल तर त्यावरही असेंब्ली शिकता येते. फक्त ३२ बिटी लिनक्ससाठी लिहिलेले धडे ६४ बिटीवर जसेच्या तसे चालत नाहीत, हे आधी पाहावे.

एक मात्र बजावून सांगतो. चिपची पाटी पाच व्होल्टची, मोटारीची लाइन चारशेच्या वर. दोन्हींची थेट गाठ घालू नये, मध्ये ऑप्टो-कपलर आणि रिले पाहिजेच. आधी महिनाभर टेबलावर एलईडी लावून बघावी, ती नेमक्या वेळाने लागते का ते घड्याळ लावून तपासावे. मोजणी चालू असताना लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून मोजले पाहिजे, तेही बघावे. सिंगल फेज प्रिव्हेंटर काढू नये. आणि स्टार्टरला हात लावायचा तो जाणत्या वायरमननेच.

एका डीपीवरच्या सगळ्यांना प्रोग्रॅम एकच चालतो. थांबण्याचा आकडा, तेवढा एक बाइट, ज्याचा त्याचा वेगळा भरायचा. दोन मिनिटांचा आकडा कुणाला आणि चाळीस मिनिटांचा कुणाला, हे मात्र पारावर बसूनच ठरवावे लागेल. पाटाच्या पाण्याची पाळी ठरवताना होते तेवढी बाचाबाची तिथेही होईलच.