मतदानाचा महिना आणि नगराची सत्ता : अमेरिकेतील फर्ग्युसन नगराच्या संदर्भात

अमेरिकेतील स्थानिक शासनाची चर्चा प्रायः न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांभोवती फिरते. वस्तुतः तेथील स्थानिक लोकशाहीचे गुणदोष लहान नगरांतच अधिक स्पष्ट दिसतात. प्रस्तुत लेखात मिसुरी राज्यातील, सेंट लुई शहरालगतच्या फर्ग्युसन या नगराचा विचार केला आहे. (पुण्यातील महाविद्यालयाशी या नावाचा काही संबंध नाही. रेल्वेला जमीन देणाऱ्या विल्यम फर्ग्युसन या जमीनमालकाचे नाव या नगरास मिळाले.) २०१०च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या २१,२०३ होती.

९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुण येथे पोलिसाच्या गोळीने मरण पावला आणि हे नगर जगाला माहीत झाले. त्या वेळी नगरातील सुमारे ६७ टक्के रहिवासी कृष्णवर्णीय होते. मात्र महापौर श्वेतवर्णीय होते आणि सहा नगरसेवकांपैकी केवळ एक कृष्णवर्णीय होता. मतदानाचा हक्क कायद्याने कोणासही नाकारलेला नव्हता. निवडणुका नियमितपणे होत होत्या. मग बहुसंख्याक समाज सत्तेबाहेर का राहिला, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर लोकसंख्येच्या बदलात आहे. कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९९० मध्ये सुमारे २५ टक्के, २००० मध्ये ५२ टक्के आणि २०१० मध्ये ६७ टक्के झाले. नव्याने आलेल्यांत तरुण व भाडेकरू कुटुंबे पुष्कळ होती. घर बदलले की मतदार म्हणून नोंदणीही अद्ययावत करावी लागते. जुने श्वेतवर्णीय रहिवासी मात्र वयाने मोठे, घरमालक आणि नगराच्या कारभाराशी दीर्घकाळ परिचित होते.

परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. मिसुरीत नगरपालिकांच्या निवडणुका एप्रिल महिन्यात होतात. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात होते. एप्रिलच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, प्रचाराचा गाजावाजा नसतो, अनेकदा स्पर्धाही नसते. एप्रिल २०१३ व एप्रिल २०१४ या दोन्ही निवडणुकांत फर्ग्युसनमध्ये सुमारे १२ टक्केच मतदान झाले. राज्यशास्त्राच्या काही अभ्यासकांनी काढलेला अंदाज येथे महत्त्वाचा आहे. २०१२च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत दोन्ही समाजांतील मतदानाचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. एप्रिल २०१३ मध्ये मात्र श्वेतवर्णीयांपैकी सुमारे १७ टक्के, तर कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६ टक्के लोकांनीच मतदान केले. सारांश, तेच मतदार नोव्हेंबरात येत होते आणि एप्रिलमध्ये येत नव्हते. त्यांना उदासीन म्हणून मोकळे होणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

स्थानिक निवडणूक राष्ट्रीय राजकारणापासून अलग ठेवावी, ती पक्षविरहित असावी आणि प्रशासन व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवावे, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुधारणावाद्यांनी पुढे आणला. पक्षीय दलालांच्या भ्रष्टाचारावर तो उपाय होता आणि त्यात तथ्यही होते. फर्ग्युसनमध्येही दैनंदिन कारभार नगर व्यवस्थापकाकडे असतो. आपल्याकडील मुख्याधिकारी राज्य शासन नेमते. हा अधिकारी नगरसभाच नेमते. त्यामुळे नगरसभा कोणाच्या मतांवर निवडून येते, यावर संपूर्ण प्रशासनाचा कल ठरतो.

त्याचा परिणाम नागरिकांच्या खिशापर्यंत पोहोचला होता. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार नगर न्यायालयाच्या दंड व शुल्कांतून २०१० च्या आर्थिक वर्षात सुमारे १३.८ लाख डॉलर मिळाले. २०१५ साठी ही अपेक्षा ३०.९ लाख डॉलरपर्यंत, म्हणजे सर्वसाधारण निधीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यापर्यंत नेण्यात आली. २०१२ ते २०१४ या काळात पोलिसांनी केलेल्या अटकांपैकी ९३ टक्के अटका कृष्णवर्णीयांच्या होत्या. अधिकारी पोलिसांवर वसुलीसाठी दबाव आणत असल्याचेही अहवालात नोंदले आहे. दंड भरणारे आणि नगरसेवक निवडणारे हे बव्हंशी वेगवेगळे लोक होते.

एप्रिल २०१५ मध्ये मतदान सुमारे ३० टक्क्यांवर गेले. एला जोन्स व वेस्ली बेल हे दोन कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले आणि सहापैकी तीन जागा त्या समाजाकडे आल्या. प्रभागपद्धती आधीपासूनच होती, ही बाब येथे लक्षात घ्यावी. नगरसभेत ती बदलली नाही, बदलले ते मतदारांचे प्रमाण. फर्ग्युसन-फ्लोरिसंट शालेय मंडळाची गोष्ट निराळी. तेथे प्रभाग नसल्याने २०१६ मध्ये संघराज्य न्यायालयाने ती पद्धत मतदान हक्क कायद्याचा भंग करणारी ठरवली. एप्रिल २०१९ पासून तेथे मतदार आपली सर्व मते एकाच उमेदवारास देऊ शकतो.

नगरातील बदल मात्र सरळ रेषेत झाला नाही. एप्रिल २०१७ मध्ये महापौरपदासाठी जोन्स यांचा पराभव झाला व पूर्वीचेच महापौर पुन्हा निवडून आले. साथीमुळे एप्रिलऐवजी २ जून २०२० रोजी झालेल्या निवडणुकीत जोन्स विजयी झाल्या. त्या नगराच्या पहिल्या कृष्णवर्णीय व पहिल्या महिला महापौर होत. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून, जेथे मतदान फारच घटते तेथील स्थानिक निवडणुका राज्यव्यापी निवडणुकांबरोबर घेणे बंधनकारक केले. मिसुरीने तसे केलेले नाही. एप्रिल २०२३ मध्ये जोन्स पुन्हा निवडून आल्या, त्या याच जुन्या वेळापत्रकानुसार.