ठिपक्यांचे चित्र
मुलांनो, ठिपक्यांची रांगोळी तुम्ही पाहिलीच असेल. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग संगणक अंकांच्या रूपाने स्मरणात ठेवतो. अंक बदलले की रंग पालटतो. प्रत्येक ओळीतील ठिपक्यांचा क्रम उलटा केला, की उजवीकडे पाहणारा मोर डावीकडे पाहू लागतो. मुलांसाठी २००२ साली निघालेल्या 'टक्स पेंट' या विनामूल्य साधनात चुकलेली रेघ एक कळ दाबताच मागे घेता येते. परंतु मूळ चित्रावरच नवे साठवले, तर मूळ चित्र नाहीसे होते. म्हणून नवे चित्र निराळे ठेवावे. छायाचित्रात फेरफार केल्यास तसे प्रामाणिकपणे सांगावे. ठिपके खरेखोटे जाणत नाहीत. ती जाण आपणच ठेवली पाहिजे.