निःशब्द गाडी आणि तिच्या कळा

गतवर्षी भाद्रपदात आम्ही मालवण येथे आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गणपतीस गेलो होतो. त्यांचे चिरंजीव त्याच दिवशी मुंबईहून नव्या गाडीने सहकुटुंब आले होते. गाडी खळ्यात उभी राहिली, मंडळी उतरली, सामान पडवीत गेले आणि आरतीची वेळ झाल्यामुळे सर्वजण लगबगीने आत जमले. आरती निम्म्यावर आली असेल नसेल, तोच बाहेर उभ्या असलेल्या गाडीचे एंजिन आपोआप घरघरू लागले. गाडीत कोणी नव्हते. किल्ली चिरंजीवांच्या खिशात होती. ओटीवर बसलेल्या आजीबाई घाबऱ्या होऊन ओरडल्या, “अरे, गाडयेत कोण आसा रे?”

गाडीत कोणीच नव्हते. पण गाडी बंदही नव्हती. एंजिनाचा आवाज नाही, तेव्हा गाडी बंदच असली पाहिजे, अशा समजुतीने चिरंजीव उतरले होते. आतील थंड हवेचे यंत्र चालूच राहिले होते. त्यास वीज पुरवून बॅटरी उतरली, तेव्हा ती भरून काढण्यासाठी एंजिन स्वतःहून सुरू झाले. उतरताना गाडीने सूचनेची शिट्टी वाजविली असणार. परंतु झांजा आणि टाळ यांच्या गजरात ती कोणास ऐकू येणार? सर्वांचे हसू ओसरल्यावर सूनबाईंच्या ध्यानात आले की, आरतीच्या थोडे आधी घरातील चार वर्षांचा मुलगा त्याच गाडीत चालकाच्या जागी बसून चाक फिरवीत होता. मग मात्र कोणी हसले नाही.

ह्या प्रसंगामुळे ह्या गाडीची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटले. हायब्रिड म्हणजे दोन शक्तींवर चालणारी गाडी. तिच्यात पेट्रोलचे एंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ही कल्पना आजची नव्हे; फेर्डिनांड पोर्शे याने 1900 च्या सुमारासच अशी गाडी करून पाहिली होती. परंतु घराघरांत पोहोचण्याजोगी अशी गाडी 1997 च्या अखेरीस जपानात टोयोटा कंपनीने ‘प्रियस’ नावाने विक्रीस आणली. आपल्या देशात 2022 सालापासून मध्यम आकाराच्या गाड्यांतही ही रचना मिळू लागली. त्यांपैकी काही कर्नाटकातील बिडदी येथे तयार होतात, आणि त्या कारखान्याच्या नावात ‘किर्लोस्कर’ हे नाव आहे. ज्या लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकली दुरुस्त करण्यापासून आरंभ करून 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली, त्यांचे आडनाव अशा गाडीवर पाहून मराठी माणसास संतोष वाटल्यावाचून राहत नाही.

पुष्कळांचा पहिला प्रश्न असतो, “ही भिंतीतल्या विजेवर कुठे लावायची?” तशी गरज नाही. बाजारातील बहुतेक हायब्रिड गाड्यांत केवळ पेट्रोलच भरावयाचे असते. एंजिनाची उरलेली शक्ती, तसेच ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी गती, यांपासून वीज तयार होऊन ती मोठ्या बॅटरीत साठते. गाडी हळू चालत असता हीच वीज चाके फिरविते, आणि तेवढा वेळ एंजिन गप्प राहते. काही गाड्यांस हायब्रिड म्हणतात, तरी त्यांतील लहान मोटर एंजिनास केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. आम्ही येथे लिहितो ते पूर्ण हायब्रिडविषयी.

आता कळांकडे वळू. किल्ली फिरवावयाची नसून चाकाजवळ एक वाटोळे बटण असते. बहुतेक गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता ते एकदा दाबले, तर केवळ रेडिओसारखी साधने चालू होतात. दुसऱ्यांदा दाबले, तर समोरील सर्व दिवे उजळतात. पण गाडी हलत नाही. तिसऱ्यांदा दाबले की सारे बंद. ह्या दोन्ही मधल्या अवस्थांत मोठी बॅटरी कामात नसते. बारा व्होल्टची लहान बॅटरी तेवढी खर्च होते. म्हणून गाणी ऐकत तासन्‌तास असे बसू नये. मग निघतेवेळी गाडी उठतच नाही.

ब्रेक घट्ट दाबून तेच बटण दाबले म्हणजे समोर ‘रेडी’ असा दिवा लागतो. ही चौथी अवस्था सर्वांत महत्त्वाची. आवाज काहीच होत नाही, तथापि गाडी चालावयास सिद्ध झालेली असते. दांडा ‘डी’वर घेऊन ब्रेक सोडताच ती पुढे सरकू लागते. दांडा ‘पी’वरून हलविण्यासाठी ब्रेक दाबावा लागतो, हे लहानग्यांपुरते संरक्षण आहे, परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पाय तेथवर सहज पोहोचतो. गाडी बंद करण्याचा क्रम असा : गाडी पूर्ण थांबवावी, हातब्रेक लावावा, दांडा ‘पी’वर आणावा, बटण दाबावे, आणि ‘रेडी’चा दिवा मालवला की नाही हे डोळ्यांनी पाहावे. कानांवर भिस्त ठेवू नये.

दांड्याच्या इतर जागांपैकी ‘आर’ मागे जाण्यासाठी आणि ‘एन’ मोकळे ठेवण्यासाठी. ‘एन’मध्ये मोठी बॅटरी भरत नाही, म्हणून गर्दीत खोळंबले असता दांडा तेथे ठेवून बसू नये. काही गाड्यांत ‘बी’ अशी आणखी एक जागा असते. तिचे मोल सिंधुदुर्गवासीयांस सांगावयास नको. आंबोलीहून सावंतवाडीकडे किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरताना ब्रेकवर सारखा पाय ठेवल्यास ते तापतात. ‘बी’मध्ये गाडी स्वतःच आवरून धरली जाते, उतारावर बॅटरी काठोकाठ भरली, तरी एंजिनाचा अटकाव मिळत राहतो. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ वापरल्यास पेट्रोल अधिक जळते.

याखेरीज ‘इको’, ‘नॉर्मल’ व ‘पॉवर’ अशा तीन चाली बहुधा असतात. पहिलीत गाडी पायाच्या दाबास सौम्यपणे साथ देते व पेट्रोल वाचते. शेवटची चढणीस उपयोगी पडते. ‘ईव्ही’ असे बटण असल्यास थोडे अंतर केवळ विजेवर जाता येते. पहाटे कोणाची झोपमोड न करता खळ्यातून निघावयास ते सोयीचे. मात्र बॅटरी उतरलेली असेल किंवा वेग वाढविला, तर एंजिन आपण होऊन सुरू होते. मालवणच्या बाजारपेठेतील अरुंद रस्त्यांतून अशी गाडी नेताना पुढे चालणाऱ्या वृद्धास ती ऐकू आली आहे, असे कधीही गृहीत धरू नये.

आणखी एक इशारा. गाडी बंदिस्त शेडमध्ये ‘रेडी’ अवस्थेत राहिली आणि एंजिन सुरू झाले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. शेडला लागून निजावयाची खोली असेल, तर हा धोका घरातील निजलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो. तसेच पावसाळ्यात गाडीत पाणी शिरले असल्यास बटण दाबू नये, आणि नारिंगी वेष्टणाच्या तारांस हात लावू नये. त्यांतून मोठ्या दाबाची वीज वाहते.

एकत्र कुटुंबात गाडी एकाची असली, तरी ती चालविणारे हात तीन-चार असतात, आणि तिच्याभोवती खेळणारी मुले त्याहून अधिक. म्हणून ह्या गोष्टी केवळ चालविणाऱ्यानेच नव्हे, तर घरातील सर्वांनी जाणून घ्याव्या. आमच्या स्नेह्यांकडे त्या दिवसापासून एक नियम झाला आहे. गाडी आणणाऱ्याने दिवा मालवलेला पाहून ओटीवर येताच “बंद केली” असे मोठ्याने सांगावयाचे आणि किल्ली उंच खुंटीस लावावयाची. विसर्जनाच्या दिवशी चिरंजीव बाहेरून आले, तेव्हा त्यांनी पायरीवर पाय ठेवण्यापूर्वीच आजीबाईंनी विचारले, “दिवो बघलंस?” ते निमूटपणे परत फिरले व पाहून आले.